मूल संकटात सापडले तर : पोलिसांचे काम काय, समितीचे काम काय आणि या सगळ्यांवर नजर कोणाची?

कोल्हापूर : जोतिबाच्या यात्रेत हात सुटलेले पोर, ऊसतोडीच्या फडावर एकटे राहिलेले लेकरू, घरात रोज मार खाणारा मुलगा, ओळखीच्याच माणसाच्या त्रासाला सामोरी गेलेली मुलगी. प्रकरणे वेगवेगळी, पण अशा वेळी गावात प्रश्न एकच पडतो, आता जायचं कुणाकडं? कुणी म्हणतं पोलीस पाटलाला सांगा, कुणी म्हणतं अंगणवाडीच्या बाईंना विचारा, कुणी म्हणतं घरातलं आहे, घरातच मिटवा. या गोंधळात दोन-चार दिवस जातात आणि नेमके तेच दिवस मुलासाठी सगळ्यात महत्त्वाचे असतात.

कायद्याने या कामाची साखळी ठरवून दिली आहे. त्यात पोलीस आहेत, सामाजिक कार्यकर्ते आहेत, बाल कल्याण समिती आहे, न्यायालय आहे. मुलाचे भवितव्य एकाच माणसाच्या हातात ठेवायचे नाही, हा या रचनेचा पाया. पोलिसाने एकट्याने ठरवायचे नाही आणि संस्थेनेही एकट्याने ठरवायचे नाही. प्रत्येकाच्या कामावर दुसऱ्या कोणाची तरी नजर आहे आणि बहुतेक टप्प्यांना मुदत आहे. ती मुदत आणि ती नजर गावाला माहीत असेल, तर प्रकरण दडपणे अवघड होते.

कोण कोण आहे या साखळीत?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा या विषयाचा मुख्य कायदा. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. दोन्ही कायद्यांत १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती म्हणजे बालक. सतरा वर्षांचा मिसरूड फुटलेला मुलगाही त्यात आला आणि लग्न लावून दिलेली सोळा वर्षांची मुलगीही आली.

बाल कल्याण समिती : काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला. समितीला दंडाधिकाऱ्यांच्या पीठासारखे अधिकार आहेत. महिन्यातून किमान २० दिवस समितीने बसायचे असते. समितीची बैठक नसेल तेव्हा मुलाला एका सदस्यासमोरही हजर करता येते.

जिल्हा बाल संरक्षण कक्ष : महिला व बाल विकास विभागाच्या अखत्यारीतील कक्ष. जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, संरक्षण अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते असे कर्मचारी येथे असतात. घरी जाऊन चौकशी करणे, अहवाल देणे, मुलाचा पाठपुरावा करणे ही कामे यांची.

बाल कल्याण पोलीस अधिकारी : प्रत्येक पोलीस ठाण्यात किमान सहायक फौजदार दर्जाचा असा एक अधिकारी नेमलेला असलाच पाहिजे, असे कायद्याचे कलम १०७ सांगते. ठाणे शहरातले असो की चंदगड, गगनबावड्यासारख्या डोंगरी तालुक्यातले, नियम सगळीकडे एकच.

विशेष बाल पोलीस पथक : जिल्हा पातळीवरचे पथक. प्रमुख किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाचा. यात सगळ्या ठाण्यांचे बाल कल्याण पोलीस अधिकारी असतात आणि शिवाय दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली एक महिला. म्हणजे पोलिसांच्या पथकातच समाजकार्याचा माणूस बसवण्याची सोय कायद्याने केली आहे.

बाल न्याय मंडळ : मुलाच्याच हातून गुन्हा घडल्याचा आरोप असेल तर प्रकरण येथे जाते. एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते मिळून हे मंडळ होते. अशा मुलाला पोलिसांनी कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचे नाही. २४ तासांत मंडळासमोर हजर करायचे.

कोल्हापूरने पाहिलेले प्रकरण

ही साखळी कशासाठी, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांनी १९९० ते १९९६ या काळात पश्चिम महाराष्ट्रातील आणि इतर शहरांतील लहान मुले पळवली. गर्दीत पाकीट मारताना संशय येऊ नये म्हणून त्या मुलांचा वापर केला आणि त्यातल्या काहींना ठार मारले. १३ मुलांच्या अपहरणाचा हा खटला कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात चालला. २००१ मध्ये दोघी बहिणींना फाशीची शिक्षा झाली. खटला उभा राहण्याआधीच आईचा मृत्यू झाला होता. ऑगस्ट २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली. पुढे दयेच्या अर्जावरील दीर्घ विलंबामुळे १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली.

या प्रकरणात मुले गायब होत होती ती वेगवेगळ्या गावांतून आणि शहरांतून, तर आरोपींना अटक झाली १९९६ मध्ये. एखादे मूल हरवले म्हणजे ‘जाईल कुठं, येईल परत’ असे म्हणून नुसती नोंद करून ठेवण्याची पद्धत तेव्हा सर्रास होती. गरिबाचे पोर असेल तर तेवढीही नोंद व्हायची नाही.

आता तसे करता येत नाही. १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट आदेश दिला. मूल बेपत्ता झाल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि उलट काही सिद्ध होत नाही तोवर ते मूल पळवले गेले आहे असे धरूनच तपास करायचा. ‘२४ तास वाट बघा, मग या’ हे उत्तर मुलाच्या बाबतीत चुकीचे आहे. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हेही चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, मग तो हद्दीच्या ठाण्याकडे वर्ग होतो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. निपाणी, बेळगावला लागून असलेल्या गावांसाठी ही तरतूद फार उपयोगाची आहे.

पहिले २४ तास

समजा, कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर किंवा साखर कारखान्याच्या गाडीतळावर दहा वर्षांचे मूल एकटे सापडले. ज्याला सापडले त्याने काय करायचे?

सरळ मार्ग म्हणजे १०९८ किंवा ११२ वर फोन. १०९८ ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या कामातून ती उभी राहिली आणि देशभर पसरली. पूर्वी ती स्वयंसेवी संस्थांमार्फत चालायची. २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेकडे आली आणि ११२ शी जोडली गेली. फोन फुकट आहे.

पालकांपासून दुरावलेले मूल सापडले आणि २४ तासांत पोलीस, १०९८, समिती किंवा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कोणालाच कळवले नाही, तर तो कलम ३३ नुसार गुन्हा ठरतो. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चांगल्या मनाने घरी ठेवून घेतलेले मूलही कळवलेच पाहिजे. ‘देवानं दिलं, आम्ही सांभाळतो’ असे म्हणून परस्पर मूल ठेवून घेता येत नाही. दत्तक द्यायचे असेल तरी त्याची वेगळी कायदेशीर वाट आहे.

कळवल्यानंतर मुलाला, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर करावे लागते. हे काम पोलीस करू शकतात, बाल संरक्षण कक्षाचा कर्मचारी करू शकतो, कामगार निरीक्षक, डॉक्टर, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ता किंवा साधा गावकरीही करू शकतो. मूल स्वतःही समितीकडे जाऊ शकते.

मुलाला नातेवाइकांकडे परस्पर सोपवून ‘विषय संपला’ असे ठाण्यात ठरवता येत नाही. नातेवाईक खरे आहेत का, मूल घरातूनच पळून आले होते का, आले असेल तर कशामुळे, हे पाहायचे काम समितीचे आहे. मूल परजिल्ह्यातले किंवा कर्नाटकातले असेल तर त्याला तिथल्या समितीकडे पाठवण्याचा आदेशही हीच समिती काढते. मुलगी असेल तर सोबत महिला कर्मचारी द्यावी लागते.

तपास पोलिसांचा, मूल समितीचे

पोलीस आणि सामाजिक कार्यकर्ते यांच्यात खटके उडण्याचे एक मोठे कारण म्हणजे कामाची सरमिसळ. कायद्यातली विभागणी तशी सोपी आहे. गुन्हा नोंदवणे, पुरावा गोळा करणे, आरोपीला अटक करणे हे पोलिसांचे काम. मूल कुठे राहील, त्याला काय मदत लागेल, घरी पाठवायचे की नाही, हे ठरवणे समितीचे काम. समितीला माहिती पुरवणे आणि मुलाच्या सोबत राहणे हे सामाजिक कार्यकर्त्याचे काम.

सामाजिक कार्यकर्त्याने आरोपीला बोलावून समझोता घडवायचा नाही. पोलिसाने मुलीला ‘घरी जा, आईबापाचं ऐक’ असा निवाडा द्यायचा नाही.

पोक्सोच्या प्रकरणात हा समन्वय आणखी काटेकोर आहे :

- तक्रार आल्यावर पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे.
- मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा. शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा. त्या वेळी अंगावर गणवेश नको.
- कोणत्याही कारणाने मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवायचे नाही.
- जबाब घेताना आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत हवी. आरोपीची समोरासमोर गाठ पडू द्यायची नाही.
- मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. तातडीच्या उपचाराला दवाखान्याने आधी कागद मागायचे नाहीत. सरकारी असो वा खासगी, उपचार मोफत.
- आरोपी त्याच घरातला असेल किंवा मुलाला आधार नसेल, तर मुलाला घराबाहेर सुरक्षित जागी ठेवायचे का, हे समितीने तीन दिवसांत ठरवायचे.
- खटला संपेपर्यंत मुलासोबत राहण्यासाठी समिती ‘सहाय्यक व्यक्ती’ नेमू शकते. तारखा कळवणे, न्यायालयात सोबत जाणे, भरपाईचा अर्ज करायला मदत करणे ही तिची कामे. अशा व्यक्ती प्रत्यक्षात मिळाव्यात म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना निर्देश दिले.

बलात्कारासारख्या आणि पोक्सोतल्या गंभीर गुन्ह्यांचा तपास एफआयआरपासून दोन महिन्यांत पूर्ण करायचा आहे. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवायचे असते. पालकांना एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती मागून घ्यावी. राज्य शासनाच्या मनोधैर्य योजनेतून मदत मिळण्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. मोफत वकीलही तेथूनच मिळतो. त्यासाठी हेल्पलाइन १५१०० आहे.

पोलिसांनी उशीर केला तर : बदलापूरचा धडा

ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे समोर आले. पालक ठाण्यात गेले, पण गुन्हा नोंदवायला तासन्‌तास लागले. २० ऑगस्टला लोक रस्त्यावर आणि रेल्वे रुळांवर उतरले. त्यानंतर तीन पोलिसांना निलंबित करण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पोलिसांना व शाळेलाही खडे बोल सुनावले. शाळेने माहिती असून कळवले नाही, म्हणून व्यवस्थापनावरही गुन्हा दाखल झाला.

या प्रकरणातून दोन गोष्टी प्रत्येक पालकाला कळायला हव्यात. पहिली, पोक्सोखालची तक्रार नोंदवून न घेणे हा पोलिसासाठीही गुन्हाच आहे. त्याला कैदेची तरतूद आहे. दुसरी, शाळा, वसतिगृह, क्लास, दवाखाना यांच्या प्रमुखाला माहिती मिळूनही त्याने कळवले नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘संस्थेची बदनामी होईल’ हे कारण कायदा मानत नाही. राज्यातील शाळांमध्ये मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने सखी सावित्री समिती ठेवायला सांगितले आहे. आपल्या गावच्या शाळेत ती आहे का, तिची बैठक शेवटची कधी झाली, हे विचारायचा पालकांना हक्क आहे.

ठाण्यात तक्रार घेतलीच नाही तर काय? लेखी तक्रार टपालाने किंवा प्रत्यक्ष पोलीस अधीक्षकांकडे द्यायची. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्याच वेळी बाल कल्याण समितीला कळवायचे. समिती पोलिसांकडे विचारणा करू शकते. पोलिसांच्या गैरवर्तनाबद्दल राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही जाता येते. आणि चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. हे पोक्सोच्या कलम १९ मध्येच लिहिले आहे.

सामाजिक कार्यकर्त्याच्या कामावर नजर

पोलिसांवर टीका लवकर होते, कारण ठाणे डोळ्यांसमोर असते. सामाजिक चौकशीचे काम मात्र लोकांना दिसत नाही. मूल समितीसमोर आले की सामाजिक कार्यकर्ता, परिविक्षा अधिकारी किंवा बाल कल्याण अधिकाऱ्याला चौकशीचा आदेश होतो. अहवाल १५ दिवसांत द्यायचा असतो. घर कसे आहे, कमावते कोण, मूल शाळेत जाते का, घरात दारू किंवा मारहाण आहे का, शेजारी काय सांगतात, आणि मुलाला स्वतःला काय वाटते, हे सारे त्यात यायला हवे.

हा अहवाल टेबलावर बसून लिहिला गेला तर त्याचे परिणाम मुलाला भोगावे लागतात. गरिबीला निष्काळजीपणा समजून मूल आईपासून तोडले जाऊ शकते. किंवा उलट, मारहाण करणाऱ्या घरीच ते परत पाठवले जाऊ शकते. म्हणून कार्यकर्ता घरी आला होता का, मुलाशी एकट्याने बोलला का, हे पालक आणि नातेवाईक समितीला सांगू शकतात. अहवालाशी सहमत नसाल तर तसे लेखी द्यावे. समिती अहवालाला बांधील नाही, तिने स्वतः ऐकून निर्णय घ्यायचा आहे. मूल पहिल्यांदा हजर झाल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हायला हवा.

नुसत्या गरिबीसाठी मूल संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे. आई-वडिलांपैकी एक किंवा दोघे नसलेल्या आणि अशाच अडचणीतल्या मुलांना घरीच सांभाळता यावे म्हणून राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तीत महिना २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य अंतर्गत प्रायोजकत्वात पात्र मुलाला महिना ४,००० रुपये मिळतात. दोन्हींची चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात करावी. यासाठी एजंटाला पैसे द्यायची गरज नाही.

बालगृहांची तपासणी

मुले ठेवून घेणारी कोणतीही संस्था, मग ती धर्मादाय असो, मठाची असो की सरकारी अनुदानावरची, बाल न्याय कायद्याखाली नोंदलेली हवी. नोंदणी नसेल तर चालकाला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेतल्या कर्मचाऱ्याने मुलाला क्रूरपणे वागवले तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे.

तपासणी दोन बाजूंनी होते. बाल कल्याण समितीने महिन्यातून किमान दोन भेटी निवासी संस्थांना द्यायच्या. शिवाय स्वतंत्र तपासणी समितीने दर तीन महिन्यांतून एकदा तरी जायचे. त्या पथकात किमान तीन जण हवेत, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. अहवाल आठवड्यात द्यायचा.

बाहेरचा माणूस आत जाऊन मुलांशी बोलला की काय होते, हे बिहारमधील मुझफ्फरपूरने दाखवले. तेथील मुलींच्या निवारागृहाला अधिकाऱ्यांच्या भेटी होतच होत्या. पण मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पथकाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणात मुली बोलत्या झाल्या आणि २०१८ मध्ये अत्याचार उघडे पडले. संस्थाचालकाला २०२० मध्ये जन्मठेप झाली. भेटवहीत सही करून निघून जाणे आणि मुलांशी बोलणे यात एवढा फरक आहे.

समितीवर कोण लक्ष ठेवतो?

समिती आणि मंडळही चुकू शकते. त्यासाठी कायद्यात केलेल्या दुरुस्त्या १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाल्या. आता जिल्हाधिकारी दर तीन महिन्यांनी बाल कल्याण समितीच्या कामाचा आढावा घेतात. समितीविरुद्धची तक्रारही जिल्हाधिकाऱ्यांकडेच करता येते. मूल स्वतः किंवा मुलाशी संबंधित कोणीही ती करू शकते. जिल्ह्यातल्या बालगृहाच्या व्यवस्थापनात असलेल्या व्यक्तीला समितीवर नेमता येत नाही. सलग तीन महिने बैठकांना न येणाऱ्या किंवा वर्षातल्या तीन चतुर्थांशापेक्षा कमी बैठकांना आलेल्या सदस्याला चौकशीअंती काढता येते.

समितीचा आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते. संगोपन-पालकत्व किंवा प्रायोजकत्वाबाबतचा निर्णय असेल तर अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे. त्यापुढे उच्च न्यायालय. त्यासाठी आता मुंबईला खेटे घालायला नकोत. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे. कोल्हापूरसह सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याखाली येतात.

ही नजर केवळ कागदावर नाही, हे पुण्यात दिसले. १९ मे २०२४ रोजी कल्याणीनगर येथे अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीने दोघांचा बळी घेतला. बाल न्याय मंडळाने त्याला निबंध लिहिण्याच्या अटीसह काही तासांत जामीन दिल्यावर राज्यभर संताप झाला. पुढे दोन पोलीस अधिकारी वरिष्ठांना वेळेत न कळवल्याबद्दल निलंबित झाले. मंडळाच्या दोन अशासकीय सदस्यांच्या कामाची चौकशी झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य शासनाने त्यांना पदावरून दूर केले. एकाच प्रकरणात पोलीस आणि मंडळ अशा दोन्ही बाजूंना जाब द्यावा लागला.

राज्य पातळीवर महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोग आहे. तेथेही लेखी तक्रार करता येते.

गावाची जबाबदारी

गाव पातळीवर ग्राम बाल संरक्षण समिती असते. सरपंच तिचे अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सदस्य सचिव. बऱ्याच गावांत हे सरपंचालाही आठवत नाही. ग्रामसभेत एक प्रश्न विचारला तरी पुरेसा आहे, समितीची शेवटची बैठक कधी झाली?

दिवाळीनंतर बीडकडून टोळ्या येतात. ट्रॅक्टर-ट्रॉलीसोबत मुलेही येतात. शाळा सुटलेली, खोपीत धाकट्या भावंडाला सांभाळणारी पोरे शिरोळपासून राधानगरीपर्यंत दिसतात. वीटभट्ट्यांवरही तेच चित्र. १४ वर्षांखालील मुलाला कामाला लावणे गुन्हा आहे आणि असे मूल कायद्याने ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले’ ठरते. बालविवाह ठरल्याचे कळले तर गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. लग्नाची पत्रिका वाटली जाण्याआधी सांगितले तर मुलीवरचे संकट टळते.

काही गोष्टी मात्र करायच्या नाहीत :

- अत्याचाराचे प्रकरण भावकीत, गावकीत किंवा तंटामुक्ती समितीत मिटवायचे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील एका शिक्षकाच्या प्रकरणात स्पष्ट केले की, दोन्ही कुटुंबांनी समझोता केला म्हणून असा गुन्हा रद्द होत नाही.
- मुलाचे नाव, फोटो, शाळा, घर, आई-वडिलांचे नाव व्हॉट्सॲपवर टाकायचे नाही. ओळख उघड करणाऱ्याला बाल न्याय कायद्याने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सहानुभूतीने टाकलेली पोस्टही यातून सुटत नाही.
- ‘पोरं पळवणारी टोळी आली’ असा मेसेज पुढे ढकलायचा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेतून जमावाने पाच भिक्षुकांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूरकडचे गरीब लोक होते. त्यांनी एकही मूल पळवले नव्हते. संशय आला तर ११२ लावायचा, माणसाला हात लावायचा नाही.

जाताना एवढे लिहून ठेवा

तक्रार कोणत्या तारखेला, किती वाजता दिली. ती घेणाऱ्याचे नाव आणि हुद्दा. एफआयआर क्रमांक. ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण. बाल कल्याण समितीला कधी कळवले. मुलाला समितीसमोर कधी नेले. चौकशीला घरी कोण आले. पुढची तारीख कोणती.

एका मुलाच्या प्रकरणाची कागदपत्रे माहितीच्या अधिकारात कोणालाही मिळत नाहीत आणि ते योग्यच आहे. पण जिल्ह्यात वर्षभरात किती तपासण्या झाल्या, समिती किती दिवस बसली, किती पदे रिकामी आहेत, हे आकडे मागता येतात. ते एखाद्या ग्रामपंचायतीने किंवा महिला बचत गटाने मागितले तरी चालतात.

तातडीची मदत : १०९८ (मुलांसाठी), ११२ (पोलीस), १५१०० (मोफत कायदेशीर सल्ला).